सिम चाललं म्हणजे फोन अनलॉक (कुठल्याही कंपनीच्या सिमवर चालणारा) असतोच असं नाही, सेकंडहँड आयफोन घेणाऱ्यांनी वाचा

परदेशातून आलेला जुना आयफोन घ्यायचा विचार असेल तर दोन मिनिटं काढून हे वाचा, कारण नेहमीची सगळी तपासणी करूनही माझे २२ हजार अडकलेत आणि तो दुकानदार अजूनही तसेच फोन विकतोय.

धाकट्या बहिणीला कॉलेजसाठी फोन हवा होता. पुण्यातल्या एका दुकानात आयफोन १२ मिळाला, कंडिशन एकदम मस्त, बॅटरी हेल्थही चांगली. दुकानदार म्हणाला, "ताई, यूएसचा पीस आहे, ओरिजिनल, म्हणून स्वस्त पडतो. आपलं सिम टाकून बघा ना." मग माझंच सिम टाकलं, घरी फोन लावला, नेट चालवून बघितलं, सगळं व्यवस्थित. आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, काढला, चोरीचा फोन ओळखायच्या सरकारी सेवेला १४४२२ वर केवायएम लिहून पुढे तो नंबर टाकून मेसेज केला, तिथेही काही वावगं नाही. आधीच्या मालकाचं आयक्लाउड अकाउंट फोनमधून निघालेलं आहे हेही बघून घेतलं. आता सांगा, साधा माणूस यापुढे काय तपासणार?

काही आठवडे फोन छान चालला. मग बहिणीने एका रात्री अपडेट टाकलं आणि सकाळी स्क्रीनवर "सिम नॉट सपोर्टेड". रेंज गायब. दुकानदाराला फोन केला तर म्हणे तुमच्या सिमचा प्रॉब्लेम आहे, नवीन घ्या. नवीन घेतलं, तरी तेच. शेवटी आमच्या ओळखीच्या रिपेअरिंगवाल्या दादांकडे गेलो, त्यांनी पिन घालून ट्रे बाहेर काढला, सिम नखाने उचललं आणि त्याच्या खालून कागदासारखी पातळ चिप निघाली, सिमच्याच मापाची, वर बारीक सर्किट. ते म्हणाले, "ही आर-सिम आहे. तुमचा फोन लॉक्ड आहे." दुकानात माझं सिम तिथल्या पोराने स्वतःच्या हाताने ट्रेमध्ये बसवून दिलं होतं, ते उगाच नव्हतं हे तेव्हा कळलं.

प्रकार असा आहे. अमेरिकेत बरेच लोक फोन तिथल्या मोबाइल कंपनीकडून हप्त्यांवर घेतात, आणि तो फोन त्या कंपनीच्याच सिमवर चालावा असं कुलूप लावलेलं असतं. पैसे फिटले आणि कंपनीच्या अटी पूर्ण झाल्या की कंपनी ते काढून देते, तिथे २०१४ मध्ये अनलॉकिंगसाठी कायदाही झालाय, पण हप्ते बाकी असतील तर कुलूप तसंच राहतं. असा फोन इकडे आला की आपलं सिम तो घेत नाही. मग ही चिप मधे बसवतात, ती फोनला भासवते की आत त्याच कंपनीचं सिम आहे. कुलूप उघडत नाही, फक्त फसवलं जातं. अपडेट टाका किंवा फोन रीसेट करा, फोन पुन्हा ॲपलच्या सर्व्हरला विचारतो की हे सिम चालेल का, तिथून नाही आलं की सगळं बंद.

म्हणून कॉल लागला यावर अजिबात जाऊ नका. सेटिंग्जमध्ये जनरल, त्यात अबाउट उघडा आणि खाली जाऊन "कॅरियर लॉक" ही ओळ शोधा. तिथे "नो सिम रिस्ट्रिक्शन्स" लिहिलेलं असेल तरच फोन अनलॉक. "सिम लॉक्ड" दिसलं की सरळ उठून या, दुकानदार कितीही गोड बोलू दे. ही ओळ आयओएस १४ पासून आहे, आणि मला कोणी म्हणजे कोणीच सांगितली नव्हती. ट्रे आपल्या हाताने काढा, सिम आपण बसवा. तिथेच बसून फोन रीसेट करायला लावा आणि आपल्याच सिमवर चालू करून बघा, चिपवाला फोन असेल तर तो विकणारा याला तयारच होत नाही. आयफोन १४ पासून पुढच्या अमेरिकन मॉडेल्सना ट्रेच नसतो, सगळं ई-सिमवर, तिथे आपलं ई-सिम चालू झाल्याशिवाय पैसे देऊ नका.

"इम्पोर्टेड" ऐकलं की कुठून आलाय ते विचारा. अबाउटमधल्या मॉडेल नंबरच्या शेवटी एलएल/ए असेल तर बहुतेक अमेरिकेचा, एचएन/ए म्हणजे भारतातला. कॅनडात डिसेंबर २०१७ पासून आणि ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२१ पासून कंपन्यांना लॉक्ड फोन विकायला बंदी आहे, त्यामुळे तिकडच्या नव्या फोनमध्ये हा धोका कमी, पण जुना असेल तर तरीही बघाच. आणि हो, १४४२२ वाली तपासणी जरूर करा, पण चोरीचा किंवा बनावट नंबरचा फोन पकडायलाच ती आहे, नेटवर्क लॉक त्यात दिसत नाही. आपल्याकडे ईएमआयवर घेतलेले फोन हप्ते न भरता विकतात ते आणखी वेगळं, तिथे फायनान्सवाले लांबूनच पूर्ण फोन बंद करू शकतात, त्यासाठी मूळ बिल आणि लोन फिटल्याचा कागद मागा.

माझा मामेभाऊ न्यू जर्सीत आहे, हा फोन ज्या अमेरिकन मोबाइल कंपनीचा आहे तिथे त्याने चौकशी केली. उत्तर आलं की या फोनचे पैसे बाकी आहेत, अनलॉक होणार नाही. दुकानदार आता म्हणतो, "आणा ताई, नवीन चिप टाकून देतो." म्हणजे त्याला पहिल्यापासून माहीत होतं! याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे. बहिणीला फोन देताना किती आनंद झाला होता आम्हाला, आणि या माणसाला ठाऊक होतं की हा एक दिवस बंद पडणार.

चिप, पावती, यूपीआयचा स्क्रीनशॉट आणि त्याचे व्हॉट्सॲप मेसेज जपून ठेवलेत आणि ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार टाकली आहे. तिथे जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही. कोणाकडे असाच चिपवाला फोन असेल तर अपडेट टाकू नका, रीसेट करू नका, आधी डेटाचा बॅकअप घ्या आणि चिप काढून दुकानदाराला परत देऊ नका, तोच पुरावा आहे.