‘अन-अमेरिकन’ला मराठी शब्द शोधताना: ऑक्सफर्डचा मोठा कोश

मी पोटापाण्यासाठी भाषांतरं करते. गेल्या महिन्यात कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून हॉलिवूडमधल्या लोकांच्या १९४७ साली झालेल्या चौकश्यांवरचा लेख हाती आला आणि पहिल्याच परिच्छेदात अडले. चौकशी करणाऱ्या समितीच्या नावातच ‘अन-अमेरिकन’. घरातल्या इंग्रजी-मराठी कोशात (नाव घेत नाही, बिचाऱ्यानं पंधरा वर्षं साथ दिली आहे) एकच अर्थ: ‘अमेरिकाविरोधी’. तेवढंच लिहून मोकळी झाले असते. पण उत्तरं द्यायला नकार देणारे साक्षीदार उलट त्या समितीलाच अन-अमेरिकन म्हणत होते. संसदेची समिती आणि अमेरिकाविरोधी?

मग ग्रंथालयाच्या सभासदत्वावर ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश इंटरनेटवर उघडला. ह्या कोशाची खरी मिळकत म्हणजे सालवार अवतरणं. अर्थ दोन ओळींत उरकतो, खाली शब्द वापरात कसा फिरला ते दिसतं. सुरुवातीला भेटतो मॉरिस बर्कबेक, अमेरिकेत स्थायिक होऊ निघालेला इंग्रज. वॉशिंग्टनमधल्या कॅपिटॉलच्या (तिथल्या संसद भवनाच्या) खांबांसाठी संगमरवरी शीर्षं इटलीहून आणलेली पाहून तो १८१८च्या सुमारास लिहितो, ही सगळी योजनाच किती अन-अमेरिकन! म्हणजे तिथे देशद्रोह वगैरे काही नाही, नुसतं ‘ह्या मातीला न शोभणारं’. पुढे १९३८ ते १९७५ अशी त्या समितीची कारकीर्द झाली (शेवटची काही वर्षं नाव बदलून), आणि शब्दाला आरोपाची धार आली.

गंमत म्हणजे फ्रेंच माणूस बिगर-अमेरिकी असतो, पण त्याला कुणी अन-अमेरिकन म्हणून हिणवत नाही. ते अमेरिकनालाच ऐकावं लागतं. आपल्याकडे ‘अमराठी’ म्हटलं की फक्त मराठी नसलेला, शिवी नव्हे. त्यामुळे त्या साच्यात हा शब्द बसेना. जवळचा वाटला तो गीतेतला ‘अनार्यजुष्ट’: आर्यालाच बजावलेलं, हे तुला शोभत नाही.

तक्रार एकच: घाईत असाल तर ह्या कोशाकडे फिरकू नका. मी एका शब्दासाठी गेले आणि दुपार संपली. लेखात ‘अमेरिकेला न शोभणारं’ वापरलं, समितीच्या नावात ‘अन-अमेरिकन’ तसंच ठेवून तळटीप दिली. पाचपैकी साडेचार.