नियम खरे होते, पण ते आमच्या दुकानाला लागू नव्हते

परभणीच्या मोंढ्याजवळ आमचं ठिबक, तुषार आणि पीव्हीसी पाइपांचं दुकान आहे. दुकान यांच्या एकट्याच्या नावावर, उलाढाल वर्षाला दीड कोटीच्या आत. हे दिवसभर शेतांवर जोडणीच्या कामाला असतात, त्यामुळं बिलं आणि हिशेब मी बघते. मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, २०१४ साली टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स विकत घेतलं होतं. एका कॉम्प्युटरवर चालणारं, कायमचं. ईआरपी ९ ही जुनी आवृत्ती होती, वर्षाची सेवा, म्हणजे नव्या आवृत्त्या मिळण्यासाठी कंपनीला द्यायचे पैसे, बरीच वर्षं भरली नव्हती, तरी काम अडत नव्हतं. महिन्याला विक्रीचं रजिस्टर एक्सेलमध्ये काढायचं आणि वकीलसाहेबांकडं द्यायचं. जीएसटी भरणाऱ्याला आमच्याकडं वकीलसाहेबच म्हणतात.

२२ सप्टेंबर २०२५ ला, घटस्थापनेच्या दिवशी, जीएसटीचे नवे दर लागू झाले. ठिबक आणि तुषार १२ वरून ५ टक्क्यांवर आले, पाइपाचा दर १८ टक्केच राहिला. त्याच आठवड्यात मराठवाड्यात पावसानं थैमान घातलं. शेतं पाण्याखाली, दुकानात गिऱ्हाईक नाही, उधारी अडकलेली. अशा वेळी तो माणूस दुकानात आला. गळ्यात ओळखपत्र, हातात लॅपटॉपची बॅग, बोलणं अगदी घरच्यासारखं.

“वहिनी, अजून जुन्यावरच बिलं काढायलेत का तुम्ही? दर बदललेत, हे आता चालणार नाही.”

मग त्यानं एकेक नियम सांगितला. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये नवा दर बसत नाही. ई-इनव्हॉइस, म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवणं, सक्तीचं झालंय. आणि सरकारनं एडिट लॉग बंधनकारक केलाय, म्हणजे नोंद बदलली की तिचा माग राहिलाच पाहिजे. तो नसेल तर दंड. मोबाइलवर त्यानं सरकारी अधिसूचनाही उघडून दाखवली. ती खोटी नव्हती, म्हणूनच मी फसले.

यातला प्रत्येक मुद्दा मला नंतर वकीलसाहेबांनी समजावून सांगितला, आणि तो इथं नीट लिहिते, कारण याच तीन गोष्टी सांगून तो मोंढ्यात दुकानोदुकानी फिरला आहे. एडिट लॉगचा नियम कंपनी कायद्याखालचा आहे. १ एप्रिल २०२३ पासून तो आहेच, पण तो नोंदणीकृत कंपन्यांना, म्हणजे ज्यांच्या नावापुढं प्रायव्हेट लिमिटेड किंवा लिमिटेड लागतं त्यांना. एकट्या मालकाच्या दुकानाला किंवा भागीदारीच्या पेढीला तो लागत नाही. ई-इनव्हॉइस १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वरच्या उलाढालीला सक्तीचं आहे. आम्ही त्याच्या आसपासही नाही. आणि दराचं म्हणाल तर मालाच्या नोंदीत जाऊन जीएसटीच्या तपशिलात नवा टक्का आणि तो लागू होण्याची तारीख टाकली की झालं. जुन्या ईआरपी ९ मध्येही ते होतं. वकीलसाहेबांना त्याच दिवशी एक फोन केला असता तर पाच मिनिटांत कळलं असतं. फोन हातात होता. पण तो म्हणाला, “ऑफर आजच्या दिवसाची आहे,” आणि मी थांबले नाही.

सोमवारी, २९ सप्टेंबरला, त्यानं टॅलीप्राइम ही टॅलीची नवी आवृत्ती बसवून दिली. १८,५०० रुपये सॉफ्टवेअरचे, ३,५०० जुना डेटा नव्यात आणण्याचे. रक्कम टॅली कंपनीच्या दरापेक्षा कमी होती, म्हणून मला सौदा बरा वाटला. पैसे मात्र एका बाईच्या वैयक्तिक यूपीआयवर मागितले. “फर्मचं खातं दोन दिवस बंद आहे,” म्हणाला.

बसवताना त्यानं आणखी एक काम केलं, आणि सगळ्यात मोठं नुकसान तिथं झालं. म्हणाला, नवं चालू करायचं तर जुनं लायसन्स सरेंडर करावं, म्हणजे त्या कॉम्प्युटरवरून सोडून द्यावं लागतं. माझ्यासमोरच त्यानं ते केलं. नोंदणीच्या ई-मेलवर ओटीपी आला, तो मी वाचून सांगितला. मला वाटलं, जुनं घेऊन नवं देतोय. खरं तर जुनं लायसन्स बाद होतच नाही. त्याच सिरियल नंबरवर वर्षाची सेवा भरली की कंपनी नवी आवृत्ती देते. नवं लायसन्स घ्यावंच लागत नाही. सेवेचा खर्च नव्या लायसन्सच्या मानानं कितीतरी कमी. म्हणजे मी पैसे भरून आपलं कायमचं लायसन्स त्याच्या हातात दिलं.

१४ ऑक्टोबरला पहिली शंका आली. त्या दिवशी जीएसटीच्या पोर्टलवर आमच्या खरेदीचा महिन्याचा तक्ता, म्हणजे २बी, आला. विकणाऱ्यानं आपलं विवरण भरलं की आपल्या खरेदीचा कर त्यात दिसतो. त्याचं बिल त्यात नव्हतं. मी विचारलं तर, “आमचे सीए उशिरा भरतात, पुढच्या महिन्यात दिसेल.” पुढच्या महिन्यातही दिसलं नाही. दिवाळी, मग रब्बीची गडबड, मी पाठपुरावा सोडला. जीएसटीच्या साइटवर लॉगिन न करताही कुणाचाही जीएसटी नंबर तपासता येतो हे मला माहीत होतं. तपासला तो डिसेंबरात. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या बिलावरचा नंबर दुसऱ्याच एका व्यापाऱ्याचा निघाला, आणि त्याची नोंदणी रद्द झालेली होती.

तपासायचं कारण असं की २९ डिसेंबरला सकाळी टॅली उघडलं आणि ते एज्युकेशनल मोडमध्ये गेलेलं. शिकणाऱ्यांसाठी असतं तसं. त्यात महिन्याच्या फक्त १, २ आणि ३१ तारखेची नोंद करता येते. काउंटरवर गिऱ्हाईक उभं, आणि मला २९ तारखेचं बिल काढता येईना. त्याला फोन लावला, बंद. त्या दिवशी मी हातानं बिलं लिहिली.

वकीलसाहेबांच्या ओळखीच्या एका मुलानं येऊन बघितलं. त्यानं आमच्याकडून लायसन्सची माहिती उघडून घेतली. मला कायमचं म्हणून दिलेलं लायसन्स तीन महिन्यांच्या भाड्याचं होतं. नोंदणीचा ई-मेल त्याचा. माझं जुनं लायसन्स कुठं आहे हे पाहिलं, तर त्याचाही ई-मेल बदललेला. मामांना सांगताना मला बोलवेना. ते काही रागावले नाहीत, उठून कपाटातून एक जाड फाइल काढून आणली. त्यात २०१४ चं मूळ बिल होतं, दुकानाच्या नावाचं, सिरियल नंबरसकट. त्या एका कागदाच्या जोरावर आणि यांच्या ओळखपत्रांवर कंपनीच्या ग्राहकसेवेकडं दाद मागितली. बरेच फोन, बरेच मेल झाले, पण जुना नंबर आमच्या नावावर परत आला. त्याच नंबरवर सेवा भरून आता नवं टॅली रीतसर चालू आहे.

म्हणजे अपग्रेड करायचंच नव्हतं असं नाही. खरी गरज विचाराल तर आम्हाला होती: जुन्यात विवरणाची फाइल थेट निघत नव्हती, वकीलसाहेबांना दर महिन्याला एक्सेल परत जुळवावं लागायचं. हा विचार मी शांतपणे करायला हवा होता, दंडाच्या भीतीनं नाही. डेटा मात्र वाचला. दर शनिवारी पेन ड्राइव्हवर बॅकअप घ्यायची मामांनी लावलेली सवय होती. २७ सप्टेंबरचा जुना बॅकअप शाबूत होता. नव्या आवृत्तीत गेलेला डेटा जुन्यात उघडत नाही, म्हणून तो हाताशी असणं किती मोठं होतं ते तेव्हा कळलं.

पैसे परत मिळाले नाहीत. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार नोंदवली, पोलीस ठाण्यात लेखी दिलं. पण तीन महिने उलटले होते, खात्यात काही शिल्लक नव्हतं. तक्रार पैसे दिल्यावर लगेच झाली असती तर बँकेला रक्कम अडवता आली असती.

त्याच आठवड्यात मी आमच्या लाइनीतल्या दुकानांत जाऊन विचारलं. शेजारच्या खतवाल्या काकांनी त्याच्याकडूनच घेतलं होतं, दिवाळीच्या आधी. ते म्हणाले, “आमचं तर झकास चालायलंय, पोरी.” मी त्यांच्या कॉम्प्युटरवर मदतीच्या मेनूत जाऊन लायसन्सची माहिती उघडली. ई-मेल अनोळखी. शेवटची तारीख १४ जानेवारी. काकांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली, मग ड्रॉवरमधून पेन ड्राइव्ह काढून माझ्या हातात दिला.