एकशे दहा दिवस जहाजावर: उष्ण कटिबंधातल्या लांब क्रूझचा वापरानंतरचा अनुभव, बडोद्याहून जाणाऱ्यांसाठी

मार्ग असा: जानेवारीत फ्लोरिडाहून निघायचं, पनामा कालवा ओलांडून फ्रेंच पॉलिनेशिया, फिजी, ऑस्ट्रेलिया, इंडोनेशिया, सिंगापूर, श्रीलंका करत एप्रिलअखेरीस मॉरिशसला उतरायचं. साधारण ११० दिवस. जहाज मध्यम, दोन हजारांच्या आत प्रवासी, केबिन बाल्कनीची. कंपनीचं नाव देत नाही, कारण खाली लिहिलेलं बहुतेक मोठ्या जहाजांना लागू पडतं.

दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंत हल्ली बरीच निवृत्त जोडपी या प्रकाराची चौकशी करतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: 'किती देश होतात?' त्याऐवजी विचारायला हवं की समुद्रातले दिवस किती. ११० दिवसांत जेमतेम ४० बंदरं लागतात. बाकी ७० दिवस चारी बाजूंना पाणी. पनामाहून ताहितीला जायचं तर सुमारे ४५०० सागरी मैल अंतर आहे. १८ नॉटच्या, म्हणजे तासाला १८ सागरी मैलांच्या वेगाने जहाज दिवसाला ४३२ मैल कापतं, म्हणजे दहा दिवसांहून अधिक काळ जमीन दिसत नाही. बिऱ्हाड हलवताना जसं पाणी, शेजार, आवाज, धुणं-वाळवणं पाहतो, तसंच इथे पाहावं लागतं. ते जमून आलं तर हा प्रवास फार सुखाचा आहे. नाही जमलं तर दुसऱ्या महिन्यातच घराची ओढ लागते.

म्हणून पैसे सगळ्यात आधी केबिनच्या जागेवर घाला. डेकचा नकाशा उघडून आपल्या केबिनच्या वर काय आहे आणि खाली काय आहे ते बघा. वर स्विमिंग पूल असेल तर पहाटेच खुर्च्या ओढल्याचा आवाज सुरू होतो. वर स्वयंपाकघर असेल तर ट्रॉल्यांची चाकं. खाली थिएटर असेल तर रात्री अकरापर्यंत ढोल. नाकाडाकडच्या केबिनमध्ये नांगराची साखळी सुटताना भिंत थरथरते, शेपटाकडे जहाज ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्याचा कंप जाणवतो. सगळ्यात शांत जागा म्हणजे जहाजाच्या मध्यावरचा खालचा डेक, जिथे वरही केबिन आणि खालीही केबिन. हलणंही तिथेच सगळ्यात कमी. पाण्याखाली जहाजाच्या बगलांतून बाहेर येणारे स्टॅबिलायझरचे पंख डावं-उजवं डोलणं कमी करतात. पुढे-मागे आपटणं मात्र त्यांनी थांबत नाही आणि ते टोकांना जास्त लागतं. शेजारच्या केबिनशी जोडणारं दार असलेली खोली घेऊ नका, पलीकडचा खोकलासुद्धा ऐकू येतो.

खोली १५-१६ चौरस मीटरची असते. भिंती पोलादी, त्यामुळे चुंबकाचे हुक चिकटतात. असे डझनभर हुक नेले की टोप्या, पिशव्या, ओले रुमाल, कागद सगळ्यांची सोय होते. पलंगाखाली रिकाम्या बॅगा जातात. विजेचे प्लग अमेरिकी आणि युरोपीय अशा दोन तऱ्हेचे, म्हणून अॅडॉप्टर दोन्ही घ्या. इस्त्री, केटल, इंडक्शन, पाण्यात बुडवायचा रॉड चढतानाच काढून घेतात. सर्ज प्रोटेक्टर असलेला एक्सटेन्शन बोर्डही चालत नाही. जहाजाची वायरिंग घरच्यासारखी अर्थिंगला बांधलेली नसते, त्यामुळे त्यातला प्रोटेक्टर तापून पेटू शकतो. साधा, फक्त यूएसबीचा चार्जर न्या. संडास हवेच्या ओढीवर चालतो. त्यात ओला वाइप किंवा केसांचा गुंता गेला की एकट्याचा नाही, ओळीने चार-पाच केबिनचा तुंबतो.

भारतीय पासपोर्टवर खरी मेहनत व्हिसाची. वाटेतल्या एका बंदराचा व्हिसा नसेल तर ते बंदर तिसऱ्या महिन्यात असलं तरी पहिल्याच दिवशी जहाजावर घेत नाहीत. 'आम्ही तिथे उतरणारच नाही' हे उत्तर चालत नाही. ऑस्ट्रेलियाला जहाजातच बसून राहणाऱ्यालाही व्हिसा लागतो. तो 'मल्टिपल एंट्री' आहे ना ते वाचून घ्या, कारण सिडनी, मग न्यूझीलंड, मग पुन्हा ब्रिस्बेन असा मार्ग असेल तर दोनदा प्रवेश होतो. फ्रेंच पॉलिनेशियासाठी (ताहिती, बोरा बोरा) युरोपचा नेहमीचा शेंगेन व्हिसा पुरत नाही, त्या प्रदेशासाठी वेगळी नोंद असलेला फ्रेंच व्हिसा घ्यावा लागतो. अर्ज करतानाच तसं लिहा, नंतर बदलून मिळत नाही. अमेरिकेची मुलाखत मुंबईला, आणि तारीख मिळायला महिने जातात, म्हणून सुरुवात तिथून. ऑस्ट्रेलियाची बायोमेट्रिक्स आणि फ्रान्सचे कागद अहमदाबादला होतात. फिजी आणि मॉरिशसला आपल्याला आधी व्हिसा लागत नाही. पासपोर्ट प्रवास संपल्यावरही सहा महिने वैध हवा आणि कोरी पानं सात-आठ तरी हवीत. जहाजावर पासपोर्ट बहुधा रिसेप्शनवर जमा करून घेतात, तेव्हा रंगीत प्रती जवळ असू द्या.

पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, बडोद्याहून अहमदाबाद जवळ. दाखला दहा दिवसांनी लागू होतो आणि २०१६ पासून तो जन्मभर चालतो. साठीच्या पुढे या लसीचा त्रास होण्याची शक्यता थोडी वाढते. डॉक्टरांशी बोलून गरज पडल्यास सूट दिल्याचं पत्र घ्या, आणि ते पत्र आपल्या बंदरांना चालतं का हे कंपनीकडून लेखी मागा. पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्याची मात्र चिंता नाही. तो नोव्हेंबरात भरून जानेवारीत निघता येतं.

जेवणाबद्दल बडोद्यात एक चूक हमखास होते. एजंट 'शाकाहारी'च्या जागी 'जैन' वर खूण करतो, म्हणजे अंड्याचा प्रश्नच नको. मग चार महिने बटाटा, कांदा, लसूण बंद! बुकिंगवर 'भारतीय शाकाहारी' असं लिहून घ्या आणि जहाजावर पहिल्याच रात्री हेड वेटरला भेटा. उद्याचं जेवण आज रात्री सांगायचं, हा तिथला रिवाज आहे. स्वयंपाकघरात गोव्याची, केरळची, मुंबईकडची माणसं बरीच असतात. वरण-भात, पिठलं, थालीपीठ असं नेमकं नाव घेऊन मागितलं तर ती आनंदाने करून देतात. 'काहीतरी इंडियन द्या' म्हटलं की रोज तेच पनीर येतं.

घरचा खाऊ सुका आणि कंपनीच्या बंद पाकिटातला न्या. भाकरवडी, चकली, मेतकूट, सुकी चटणी टिकतात. बडोद्याचा लीलो चिवडा ओलसर, तो दमट हवेत फार दिवस धरत नाही. आलेपाक भरपूर घ्या. अनारसे आणि खसखस घातलेला मसाला घरीच ठेवा, सिंगापूर आणि दुबईत खसखशीवर बंदी आहे. यातला कुठलाही पदार्थ हातात घेऊन ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडच्या धक्क्यावर उतरू नका. पर्समध्ये विसरलेल्या एका केळ्यालाही न्यूझीलंडमध्ये ४०० डॉलरचा जागेवर दंड होतो.

आता घड्याळ. पश्चिमेकडे जाताना दर दोन-चार दिवसांनी घड्याळ एक तास मागे जातं आणि २५ तासांचा दिवस मिळतो. झोप पुरते, अंगाला त्रास नाही. हाच मार्ग पूर्वेकडे जाणारा घेतला तर तेवढ्याच वेळा एक-एक तास झोप कापली जाते. म्हणून वयस्कांनी पश्चिमेकडचाच मार्ग निवडावा, असं आमचं ठाम मत आहे. ताहिती आणि फिजीच्या मध्ये दिनरेषा लागते, तिथे कॅलेंडरचा एक अख्खा दिवस गळतो. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी असेल तर वाराकडे न बघता सात झोपा मोजून घ्या. संकष्टी करणाऱ्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरातली चंद्रोदयाची वेळ विसरावी. ती आपल्याकडच्या गावांची असते. डेकवर पूर्वेला उभं राहून प्रत्यक्ष चंद्र बघणं हाच उपाय, आणि भर समुद्रात तो इतका स्वच्छ दिसतो की त्यासाठी थांबावंसं वाटतं. उघडी ज्योत जहाजावर कुठेच चालत नाही, उदबत्तीसुद्धा नाही. पाडवा मार्च-एप्रिलात प्रवासातच येतो. बाल्कनीला काही बांधू देत नाहीत, तेव्हा हातभर गुढी आत टेबलावर आणि बॅटरीवरचा दिवा.

पनामा कालव्याचा दिवस पहाटेपासून राखून ठेवा. लॉक म्हणजे पाणी भरून किंवा सोडून जहाज वर-खाली नेणारा दारांचा हौद. १९१४ साली खुल्या झालेल्या जुन्या लॉकची रुंदी ३३.५ मीटर. ३२ मीटर रुंद जहाज आत शिरलं की दोन्ही बाजूंना पाऊण मीटर उरतो. खालच्या प्रोमनेड डेकवर कठड्याशी उभं राहिलं की काँक्रीटवरचं शेवाळ, गंजलेल्या कड्या, जुन्या जहाजांनी घासून गेलेले रंगाचे पट्टे अगदी समोर येतात. पहिला दोर घ्यायला दोन माणसं वल्ह्याच्या छोट्या होडीतून जहाजापाशी येतात, अजूनही. काठावरची विजेची इंजिनं जहाज ओढतात असं वाटतं, पण पुढे जातं ते स्वतःच्या पंख्यावर. इंजिनं त्याला फक्त मधोमध धरून ठेवतात. गाटून इथल्या लॉकच्या तीन पायऱ्यांत जहाज २६ मीटर वर चढतं आणि त्यासाठी एकही पंप लागत नाही, वरच्या तलावाचं पाणी उतारानेच येतं. वरच्या डेकवर गर्दी आणि ऊन दोन्ही, तिथे पहिली पंधरा मिनिटं पुरेत.

बंदरांच्या यादीत नावापुढे 'टेंडर' लिहिलं असेल तर ते बंदर ५० टक्केच धरा. म्हणजे जहाज दूर नांगरतं आणि छोट्या बोटीने काठावर जायचं. बोरा बोरा, मोओरेआ, कोमोडो अशी ठिकाणं यात येतात. लाट वाढली की कॅप्टन बंदर रद्द करतो आणि त्याची भरपाई सहसा बंदर-करापुरतीच असते. बोटीत चढताना फळी आणि बोट यांच्यामध्ये कधी वीतभर तर कधी हातभर फट पडते. खलाशी मनगट पकडायला सांगतात, पंजा नाही, कारण घामाने पंजा सुटतो. बोट वर येऊन क्षणभर स्थिर होते तेव्हा एकच पाऊल टाकायचं, उडी मारायची नाही. दोन्ही हात रिकामे हवेत, म्हणून पाठीवरची पिशवीच घ्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांनी टेंडरची बंदरं कमी असलेला मार्ग शोधावा.

औषधं पूर्ण प्रवासाची आणि वर तीन आठवड्यांची, मूळ पाकिटांत. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव हवं, कारण आपल्याकडचं ब्रँडचं नाव तिकडच्या डॉक्टरला कळत नाही. मळमळीची गोळी जहाज हलायच्या आधी तासभर घेतली तरच उपयोग. झोप येते आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेट असणाऱ्यांना त्यातल्या काही गोळ्या वर्ज्य असतात, आधी विचारून ठेवा. जुलाब-उलट्यांची साथ आली की सॅनिटायझरवर भिस्त ठेवू नका. नोरोव्हायरस त्याला फारसा जुमानत नाही, साबणाने हात धुवावे लागतात. हवाईला थांबा असेल तर ऑक्सिबेन्झोन असलेलं सनस्क्रीन तिथे २०२१ पासून विकता येत नाही, झिंकचं न्या. विम्यात जहाजावरून हेलिकॉप्टरने हलवण्याचा खर्च स्पष्ट लिहिलेला हवा.

टिपा, म्हणजे जहाजावरच्या नोकरांची बक्षिशी, हा लपलेला खर्च आहे. माणशी दिवसाला १६ डॉलर धरले तरी दोघांचे ११० दिवसांचे ३५२० डॉलर होतात. भाड्यात त्या धरल्यात का ते आधी विचारा. फोन चढल्यापासून उतरेपर्यंत फ्लाइट मोडवर. समुद्रात फोन आपोआप जहाजाच्या सिग्नलला चिकटतो आणि बिल धडकी भरवणारं येतं. बँकेचा ओटीपी ईमेलवर येईल अशी सोय निघण्यापूर्वीच शाखेत जाऊन करा, कारण जहाजाच्या वाय-फायवर एसएमएसची खात्री नसते. हिशेब दर आठवड्याला छापून घ्या. चूक शेवटच्या दिवशी लक्षात आली तर रिसेप्शनवर शंभर माणसांची रांग असते.

धुण्यासाठी मशीनची खोली बंदराच्या दिवशी सकाळी रिकामी मिळते, समुद्रातल्या दिवशी भांडणं होतात.

बंदरांत फिजीचं सुवा आणि मॉरिशसचं पोर्ट लुई यांना मनापासून वेळ द्या. सुवाचा मोठा बाजार धक्क्यापासून चालत पाच मिनिटांवर आहे. खाली भाजी आणि तारोचे (अळूचे) कंद, वरच्या मजल्यावर यांगोनाच्या (तिकडचं कावा पेय ज्यापासून करतात त्या) मुळ्या आणि मसाल्याची दुकानं. १८७९ साली गिरमिटियांचं, म्हणजे करारावर नेलेल्या भारतीय मजुरांचं पहिलं जहाज फिजीला लागलं, त्या लोकांची हिंदी तिथे अजून जिवंत आहे, आणि आपल्याला ती सहज समजते. पोर्ट लुईला आप्रवासी घाट बघा. १८३४ पासून भारतातले मजूर मॉरिशसला येऊ लागले, पुढे ते याच दगडी पायऱ्या चढून गेले, त्यांत आपल्याकडचेही होते. मॉरिशसमध्ये मराठी घराणी आजही आहेत, गणपती बसवतात. तिथे घाईने फोटो काढून परतू नका.

पुन्हा बुकिंग करायचं झालं तर पूर्ण ११० दिवस घेणार नाही. सिडनीला चढून मॉरिशसला उतरायचं, सहा-सात आठवडे. अमेरिकेचा आणि फ्रान्सचा व्हिसा वाचतो, पॅसिफिकमधला दहा दिवसांचा सलग पट्टा टळतो, आणि मॉरिशसहून मुंबईला थेट विमान आहे. पुढे बडोदा ३९२ किलोमीटर, रात्रीच्या गाडीने.