जाकार्ताची मशीद–कॅथेड्रल पायी फेरी : पाहण्याजोगी, पण अर्धवट

इस्तिकलाल मशीद आणि रस्त्यापलीकडचे कॅथेड्रल एकाच सकाळी दाखवणारी फेरी आम्ही एका स्थानिक संस्थेमार्फत केली. संस्थेचे नाव देत नाही, कारण माझी तक्रार तिच्या निवेदनातील एका मौनाविषयी आहे.

मशिदीचा भाग मात्र मन लावून दाखवला जातो. या मशिदीचे वास्तुरचनाकार फ्रेडरिक सिलाबान हे ख्रिस्ती होते. 1955 मधील खुल्या स्पर्धेत त्यांचा आराखडा निवडला गेला, 1961 मध्ये पायाभरणी झाली आणि 1978 मध्ये उद्घाटन. घुमटाचा व्यास 45 मीटर का, तर देश 1945 मध्ये स्वतंत्र झाला म्हणून. आणि ‘इस्तिकलाल’ म्हणजेही स्वातंत्र्य. हे सारे त्या घुमटाखाली उभे राहून ऐकताना वेगळेच वाटते. दोन्ही वास्तूंना जोडणारा भुयारी मार्ग जेमतेम 28 मीटरांचा आहे. सप्टेंबर 2024 मध्ये पोप फ्रान्सिस येथे आले होते आणि मशिदीचे मुख्य इमाम नसरुद्दीन उमर यांच्यासह त्यांनी संयुक्त निवेदनावर स्वाक्षरी केली. मला मात्र भुयारापेक्षा वाहनतळाची गोष्ट अधिक भावली : नाताळात कॅथेड्रलला येणाऱ्यांच्या गाड्या मशिदीच्या आवारात लागतात, आणि 2019 मध्ये बकरी ईद रविवारी आली तेव्हा कॅथेड्रलने सकाळच्या मिस्साची, म्हणजे सामूहिक उपासनेची, वेळ बदलली.

कॅथेड्रल 1901 चे, निओ-गॉथिक धाटणीचे. चर्चला इंडोनेशियन भाषेत ‘गेरेजा’ म्हणतात. आपले ‘गिरजाघर’ ज्या पोर्तुगीज शब्दावरून आले, त्यावरूनच हाही आला.

आता मौनाविषयी. नवे चर्च बांधायला येथे काय लागते, असे मी विचारले तेव्हा वाटाड्याने विषय बदलला. वस्तुतः 2006 च्या मंत्रिस्तरीय नियमानुसार प्रार्थनास्थळासाठी 90 उपासकांची नावे आणि परिसरातील 60 रहिवाशांचा पाठिंबा लागतो. नियम सर्व धर्मांना लागू असला, तरी जेथे जो अल्पसंख्य, तेथे त्याला तो जड जातो. जाकार्ताजवळच्या बोगोर शहरातील यास्मिन चर्चच्या बाजूने 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागूनही इमारतीचे सील निघाले नाही. तिथले भाविक वर्षानुवर्षे राष्ट्रपती प्रासादासमोर उघड्यावर प्रार्थना करत राहिले, आणि 2023 मध्ये त्यांना चर्च मिळाले ते दुसऱ्या जागेवर. तो प्रासाद या मशिदीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, तरीही फेरी तिकडे वळत नाही. भुयार दाखवणाऱ्यांनी प्रासादासमोरचा तो पदपथही दाखवावा, अशी सूचना मी लेखी दिली आहे.

जाणाऱ्यांनी शुक्रवारची दुपार टाळावी, अंगभर कपडे घालावेत, पादत्राणे सहज काढता येतील अशी असावीत, आणि प्रश्न तयार ठेवावेत.