स्टिकर १,०००चं, बार ६००चे: हिच घेताना मी कसा फसलो

ट्रॅव्हल ट्रेलरसाठी (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) वेट डिस्ट्रिब्युशन हिच, म्हणजे ट्रेलरचा भार चाकांमध्ये वाटणारी जोडणी, घेणार असाल, तर पैसे मोजण्याआधी हे वाचा. माझे पैसे बुडाले त्याचं वाईट वाटतंच. पण त्याच हिचच्या भरवशावर मुलाबाळांना घेऊन मी दोन दिवस हायवेवर होतो, हे आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

विक्रेत्याने ट्रेलरचं मॉडेल विचारलं, माहितीपत्रक उघडलं आणि बोट ठेवलं: रिकामं वजन ४,८०० पौंड, टंग वेट ५२० पौंड. टंग वेट म्हणजे ट्रेलरचं पुढचं टोक गाडीमागच्या बॉलवर, म्हणजे जोडणीच्या गोळ्यावर, जो भार टाकतं तो. "तुम्हाला १,०००चे बार देतो, म्हणजे काळजीच नको. शिवाय गाडीची क्षमताही वाढेल." बार म्हणजे या हिचचे पोलादी स्प्रिंग दांडे; १,००० म्हणजे ते जितक्या पौंड भारासाठी बनवले आहेत तो आकडा. पुरावा म्हणून त्याने माझ्याच गाडीच्या रिसीव्हरवरची (गाडीच्या मागे हिच अडकवायचा भाग) पट्टी दाखवली. तिच्यावर खरंच दोन आकडे होते, साध्या बॉलसाठी लहान आणि या हिचसाठी मोठा. मला पटलं.

पण तो आकडा एकट्या रिसीव्हरचा असतो. गाडी किती ओढेल आणि किती भार पेलेल हे गाडीची कंपनी ठरवते, आणि बाहेरून बसवलेल्या हिचने ते वाढत नाही. हिच मागच्या चाकांवर आलेला भार स्प्रिंग बारच्या ताणाने थोडा पुढच्या चाकांवर आणि थोडा ट्रेलरच्या चाकांवर ढकलते, इतकंच. टंग वेट गाडीच्या पेलोडमधून, म्हणजे गाडी पेलू शकते त्या वजनातून, वजा होतंच, आणि हिचचं स्वतःचं वजनही.

पहिल्याच प्रवासात स्टिअरिंग हलकं लागायला लागलं. ट्रक शेजारून गेला की ट्रेलर शेपटीसारखा हलायचा. फोन केला तर म्हणाला, "बार ताणणाऱ्या साखळीची अजून एक कडी वर घ्या." घेतली. बार धनुष्यासारखे वाकले, फरक काही पडला नाही. मग त्याने घर्षणाचा स्वे बार गळ्यात मारला, वेगळे पैसे घेऊन. स्वे बार डोलणं थोडं दाबतो. पुढच्या चाकांवरचा गेलेला भार तो परत आणत नाही.

शेवटी मी टेप घेऊन पुढच्या चाकाच्या कमानीची उंची मोजली. ट्रेलर नसताना ९२० मिलिमीटर. जोडल्यावर, बार न लावता, ९५५. बार लावून ९४८. गाडीचं नाक ३५ मिलिमीटर वर गेलं होतं आणि बारांनी त्यातले फक्त ७ परत आणले होते. त्यातला किती भाग परत यायला हवा ते बहुतेक वेळा गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. माझ्या मॅन्युअलमध्ये निम्मा होता.

दुसऱ्या दिवशी वजनकाट्यावर गेलो. आधी एकटी गाडी; मग ट्रेलर जोडून, पण बार काढून आणि ट्रेलरची चाकं काट्याबाहेर ठेवून. दोन्ही वजनांतला फरक म्हणजे खरं टंग वेट: ७९० पौंड. पाणी, गॅसच्या टाक्या, बॅटरी, भांडीकुंडी, अंथरुणं, यातलं बरंचसं माहितीपत्रकातल्या रिकाम्या वजनात धरलेलंच नसतं. भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के टंग वेट असावं लागतं. माझा भरलेला ट्रेलर ६,१०० पौंडांचा, म्हणजे आकडा बरोबर बसत होता.

मग १,०००चे बार कमी का पडावेत? घरी येऊन बारवरचं ग्रीस पुसलं. स्टिकरचा एक कोपरा सुटला होता. नखाने ओढला, तर खाली जुनं, घासलेलं स्टिकर: ६००. आणि जिथे बार हिचच्या डोक्यात बसतो तिथे ताज्या काळ्या रंगाखाली खोल चरे. वापरलेला माल रंगवून मला नवा म्हणून विकला होता.

बिल काढून पाहिलं. त्यावर फक्त "हिच, पूर्ण संच" एवढंच. ना रेटिंग, ना अनुक्रमांक, ना "नवीन" हा शब्द. मी फोटो पाठवले तेव्हा त्याने शांतपणे उत्तर दिलं की बिलात १,००० कुठे लिहिलंय? पैसे परत मिळाले नाहीत.

दुसरा संच घेताना आधी काट्याची पावती समोर ठेवली. या विक्रेत्याने गाडीच्या मागच्या ॲक्सलमागे किती सामान असतं तेही विचारलं, कारण बार निवडताना तोही भार धरावा लागतो. उगाच फार जाड बार घेऊ नका, ट्रेलरच्या सांगाड्याला हादरे बसतात, असंही त्याने आपणहून सांगितलं. बारवरचा आकडा मी स्वतः वाचला आणि तोच बिलावर लिहून घेतला. बसवून झाल्यावर तिथेच टेप लावली: ९३३.