ऐकणारे लाखांत, घेणारे बोटांवर: स्ट्रीमिंग सेवेचा एका हिशेबनिसाने केलेला रिव्ह्यू

आधी गुण देऊन टाकते. ऐकणारी म्हणून या सेवेला पाचपैकी साडेचार. ज्याला अल्बम विकायचा आहे अशा माणसाची बहीण म्हणून दीड. मधले तीन गुण कुठे गेले, तेवढंच खाली लिहिलंय.

मी पेशाने अकाउंट्स बघते. धाकटा भाऊ गिटार वाजवतो, त्याचा मित्र सिंथ (इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड) सांभाळतो. दोघांनी मिळून नऊ वाद्यरचनांचा एक अल्बम काढला आणि बँडचा हिशेब आपसूक माझ्या गळ्यात पडला. सेवेचं नाव मुद्दामच घेत नाही. थोड्याफार फरकाने मोठ्या सेवा सगळ्या सारख्याच चालतात.

ऐकणाऱ्याच्या बाजूने फार बोलण्यासारखं नाही, कारण तक्रारच नाही. शोधलं की सापडतं, नेट नसताना वाजतं, जुनं दुर्मीळ रेकॉर्डिंगही बहुतेक वेळा मिळतं. वर्गणी वसूल. अर्धा गुण कापला तो ऑटोप्लेसाठी. अल्बम संपल्यावर दोन मिनिटं शांतता हवी असते, तर ही बया लगेच 'तुम्हाला आवडेल' म्हणून कुणाचं तरी भलतंच सुरू करते. सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येतं, पण किती जण जातात?

आता भावाची बाजू. अल्बममधली दुसरी रचना कशी कोण जाणे एका 'लक्ष केंद्रित करण्यासाठी' छापाच्या प्लेलिस्टमध्ये शिरली. बघता बघता स्ट्रीम लाखांच्या घरात. दोघांनी हुरळून जाऊन तीनशे तबकड्या छापून आणल्या. त्यातली बरीचशी खोकी अजून माझ्या पलंगाखाली आहेत. भाऊ म्हणे, "ताई, इतके लोक ऐकतात, त्यांच्यातल्या शंभरात एकाने घेतली तरी..." वाक्य पुरं होण्याआधी मी कलाकारांचा डॅशबोर्ड, म्हणजे सेवा कलाकाराला दाखवते ते आकड्यांचं पान, उघडून बसले.

डॅशबोर्डवर सगळ्यात ठळक असतो तो मासिक श्रोत्यांचा आकडा. हा आकडा खोटा नाही, पण फार उदार आहे. तीस सेकंद वाजलं की स्ट्रीम मोजला जातो. बटण कुणी दाबलं, प्लेलिस्टने आपणहून आणलं की कुणी ऐकता ऐकता झोपी गेलं, याच्याशी मोजणीला देणंघेणं नाही. खरी बातमी खाली, 'स्ट्रीम कुठून आले' या तक्त्यात असते. आमचे बहुतेक सगळे त्या एका प्लेलिस्टमधून आलेले. श्रोत्याने स्वतःच्या लायब्ररीत ठेवून पुन्हा ऐकलं, असे अगदी थोडे. नाव शोधून आलेले त्याहून थोडे. आणि अल्बम पहिल्या रचनेपासून नवव्यापर्यंत ऐकणारे किती, हे मोजायला मला माझी सगळी बोटंही लागली नाहीत. (त्यातली एक मी.)

म्हणजे ज्यांना आम्ही चाहते धरून चाललो होतो, त्यांतल्या बहुतेकांना आपण भावाचं काही ऐकलं हेच ठाऊक नव्हतं. ते अभ्यास करत होते, कोड लिहीत होते. पार्श्वभूमीला काहीतरी त्रास न देणारं हवं होतं, आणि भावाने ते वाजवलं होतं. तबकडी घ्यायला आधी माणसाला नाव तरी माहीत हवं.

मोठ्या कलाकारांचंही हेच होतं का, याची उत्सुकता होती. होतं, आणि ते छापून आलेलं आहे. अमेरिकेच्या 'बिलबोर्ड २००' या अल्बमच्या यादीत डिसेंबर २०१४ पासून स्ट्रीमही धरायला लागले. सुरुवातीला १,५०० स्ट्रीम म्हणजे एक अल्बम. २०१८मध्ये त्यात भेद केला: पैसे भरणाऱ्या श्रोत्यांचे १,२५० किंवा फुकट ऐकणाऱ्यांचे ३,७५० स्ट्रीम म्हणजे एक अल्बम, असं तेव्हा ठरलं. याला 'समतुल्य विक्री' म्हणतात. माझ्या धंद्यात असल्या नोंदीसमोर ऑडिटर लाल पेनाने प्रश्नचिन्ह काढतो. जानेवारी २०१९मध्ये 'ए बूगी विट दा हूडी' या रॅपरचा 'हूडी एसझेडएन' हा अल्बम याच यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. समतुल्य आकडा ५८,००० च्या आसपास. त्या आठवड्यात प्रत्यक्ष विकले गेलेले अल्बम ८२३. बाकी सगळं स्ट्रीमचं रूपांतर. देशातला एक नंबरचा अल्बम, आणि घेणारे एका बऱ्यापैकी लग्नातल्या पाहुण्यांइतके!

त्याला कमी लेखण्यासाठी हे सांगत नाहीये. त्याचे श्रोते खरेच होते, फक्त ऐकण्याचे पैसे त्यांनी वर्गणीतून आधीच भरले होते किंवा जाहिराती ऐकून फेडले होते. पूर्वी अल्बम हवा तेव्हा ऐकायचा तर विकत घ्यावा लागे, आणि घेतल्यावर पाचशे वेळा ऐकला तरी विक्री एकच. आता उलटं आहे. खरेदी शून्य, आणि प्रत्येक ऐकणं वेगळं मोजलं जातं. एकाच वेड्या माणसाने एक गाणं दिवसभर फिरवलं तरी आकडा फुगतो. ही दोन मापं एकमेकांत बदलून घेता येतील असं मानलं, की भावासारखं तीनशे तबकड्यांचं बिल येतं.

मोजमापाचा परिणाम खुद्द अल्बमवरही होतो, हे मला आधी सुचलं नव्हतं. जितकी गाणी जास्त, तितके स्ट्रीम जास्त. रॅपर ड्रेकच्या २०१८च्या 'स्कॉर्पियन' अल्बममध्ये २५ गाणी आहेत. पहिल्या आठवड्याचा अमेरिकेतला समतुल्य आकडा ७,३२,००० होता, त्यात प्रत्यक्ष विक्री सुमारे १,६०,०००. उलट गायिका ॲडेलने २०१५मध्ये '२५' हा अल्बम सुरुवातीचे काही महिने स्ट्रीमिंगवर येऊच दिला नाही. तो अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात ३३ लाखांहून जास्त विकला गेला. भावाला मी हे सांगितलं तेव्हा तो उजळून म्हणाला, "मग आपणही काढून घेऊ या!" अरे बाबा, ती ॲडेल. लोक तिची जवळजवळ पाच वर्षं वाट बघत होते. तुझी वाट बघणारी फक्त आई.

स्ट्रीम असले की विक्री होतच नाही, असंही नाही. टेलर स्विफ्टच्या २०२५च्या अल्बमची अमेरिकेत पहिल्या आठवड्यात ३४ लाखांवर प्रत्यक्ष विक्री झाली, आणि स्ट्रीमिंगमध्येही ती आघाडीवरच होती. पण त्या अल्बमच्या आवृत्त्या बघा: वेगळी मुखपृष्ठं, वेगळ्या रंगांच्या तबकड्या. एकाच माणसाने दोन-तीन घ्याव्यात अशी सोय. कोरियन पॉपवाल्यांनी तर सीडीत कलाकाराचं कोणतं फोटोकार्ड निघेल हे नशिबावर सोडून त्याचं शास्त्रच केलंय. 'ल्युमिनेट' ही मोजणी करणारी संस्था आहे. तिच्या एका पाहणीत अमेरिकेत विनाइल तबकडी घेणाऱ्यांपैकी जेमतेम निम्म्यांकडे ती वाजवायचं यंत्र होतं. ऐकायला फोन आहेच. तबकडी जवळ ठेवायला घेतात. म्हणून स्ट्रीम वाढले की ही खरेदी आपोआप वाढेल, हा हिशेबच मुळात जुळत नाही.

आता सेवेचे कापलेले गुण. कलाकाराच्या पानावर आधी 'लोकप्रिय' गाणी, अल्बम त्याखाली, आणि तबकडी-टीशर्टचा कप्पा त्याहूनही खाली. प्लेलिस्टमधून आलेला माणूस त्या पानावर येतच नाही. कोण ऐकतंय हे सेवेला माहीत असतं. आम्हाला मिळतात शहरं, वयोगट आणि आलेख. ज्या माणसाने ती रचना रोज ऐकली, त्याला 'तबकडी आली आहे' असं एका ओळीत कळवायची सोय नाही. पैशाचंही तसंच. माझी वर्गणी मी ऐकते त्या कलाकारांना जाते असं मला वाटायचं. प्रत्यक्षात बहुतेक सेवांत सगळ्यांची वर्गणी एका हौदात जमा होते आणि एकूण स्ट्रीमच्या प्रमाणात वाटली जाते. मी महिनाभर फक्त भावाला ऐकलं, तरी माझ्या पैशाचा मोठा वाटा मी कधीच न ऐकलेल्या कुणाकडे जातो. 'साउंडक्लाउड' या स्ट्रीमिंग सेवेने २०२१मध्ये छोट्या कलाकारांसाठी श्रोत्यानुसार वाटप सुरू केलं. बाकीच्यांनी फारसं मनावर घेतलेलं दिसत नाही.

आमच्या ज्या थोड्या तबकड्या गेल्या, त्या दोन वाटांनी गेल्या. एक, कार्यक्रम संपल्यावर दाराजवळच्या टेबलावर, जिथे मी सुट्टे पैसे घेऊन बसते. दुसरी वाट 'बँडकॅम्प', म्हणजे कलाकाराकडून थेट संगीत विकत घ्यायची वेबसाइट. डिजिटल विक्रीवर ते १५ टक्के घेतात, वस्तूंवर १०. २०२० पासून ठरावीक शुक्रवारी तो वाटाही सोडतात. तिथे येणारी माणसं स्ट्रीमिंगच्या तुलनेत नगण्य आहेत, पण ती पाकिटाला हात घालायच्या तयारीने आलेली असतात. खरेदीदाराने होकार दिला, तर त्याचा ईमेल कलाकाराला मिळतो. हिशेबनिसाला याहून गोड काही नसतं. एकाने तर विचारलं, सातव्या रचनेत मागे पाऊस आहे की टेपची खरखर? स्ट्रीमिंगवर सातव्या रचनेपर्यंत कुणी पोहोचत नाही.

दुसरा अल्बम तयार होतोय. सेवेची वर्गणी मी चालूच ठेवली आहे. नवीन कानांपर्यंत पोहोचायला तिच्याइतकं सोपं दुसरं काही नाही. भावाला या वेळी पाचशे तबकड्या हव्या होत्या. त्याने मला पुन्हा डॅशबोर्डचा स्क्रीनशॉट पाठवला. मी ईमेलची यादी मोजली आणि शंभरावर सही केली. सध्या तो माझ्याशी बोलत नाहीये.