खाऊ, शॉक कॉलर की ट्रेनरकडे मुक्काम? हाकेला ओ देणारा कुत्रा हवा असेल तर

घरात 'बस' म्हटलं की बसतो, पण बाहेर मांजर दिसलं की आपला आवाज त्याच्या कानापर्यंत पोचतच नाही. कुत्रा पाळणाऱ्या बहुतेकांची तक्रार हीच असते. मग प्रश्न पडतो: खाऊ देऊन शिकवावं, शॉक कॉलर (बटण दाबलं की विजेचा झटका देणारा गळपट्टा) घ्यावी, की काही आठवडे ट्रेनरकडे ठेवावं?

शॉक कॉलरचा मोह समजू शकतो. बटण दाबलं की कुत्रा दचकून थांबतो आणि मालकाला वाटतं, शिकला. पण झटका कशाबद्दल बसला हे कुत्रा स्वतःच ठरवतो. त्या क्षणी समोर सायकलवरचं मूल असेल, तर वेदनेची गाठ त्या मुलाशी बसते. आणि ज्यासाठी हे सगळं करायचं, ते ऐकणंही वाढत नाही. लिंकन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2020 मध्ये 63 कुत्र्यांचे तीन गट करून तुलना प्रसिद्ध केली. शॉक कॉलरचा जास्तीचा फायदा दिसला नाही; उलट बक्षिसावर भर दिलेला गट पहिल्याच हुकुमाला जास्त ऐकत होता. वेल्समध्ये तर 2010 पासून अशा कॉलरवर बंदी आहे. माझं मत स्पष्ट आहे: हा पर्याय यादीतूनच काढा.

ट्रेनरकडे ठेवण्यात मालकाचा वेळ वाचतो, हे खरं. अडचण एवढीच की कुत्रा ट्रेनरचं ऐकायला शिकतो, त्याच्या आवारात. घरी आल्यावर माणूस वेगळा, जागा वेगळी, हुकमाचा सूरही वेगळा. ठेवायचंच असेल तर आधी एक प्रश्न विचारा: 'कुत्रा चुकला तर तुम्ही नेमकं काय करता?' उत्तर गोलमोल आलं तर परत फिरा. शिवाय शेवटची काही सत्रं तुमच्यासोबत होणार असतील तरच हो म्हणा. आठवड्यातून एकदा स्वतः कुत्र्याला घेऊन जायचा वर्ग मला याहून बरा वाटतो, कारण तिथे खरं शिक्षण आपलं होतं.

राहिला खाऊ. यावर नेहमीचा आक्षेप असा की 'हातात खाऊ असला तरच ऐकतो'. तसं होतं, पण खाऊ आधी दाखवला तर. ती लाच झाली. आधी हुकूम, मग कृती, त्याच क्षणी 'शाब्बास' आणि मग खिशातून खाऊ, हा क्रम सांभाळा. कुत्रा बसल्यावर तीन सेकंदांनी खाऊ दिला आणि तोवर तो उठला असेल, तर बक्षीस उठण्याला मिळालं. हुकूम पक्का झाला की खाऊ कधी द्या, कधी नुसतं थोपटा. या पद्धतीत वेळ जातो. जिना, फाटक, रस्ता, मैदान, प्रत्येक ठिकाणी तोच हुकूम पुन्हा पहिल्यापासून शिकवावा लागतो, कारण कुत्र्याच्या लेखी दिवाणखान्यातलं 'बस' आणि रस्त्यावरचं 'बस' या दोन वेगळ्या गोष्टी असतात. अंतर, वेळ आणि आजूबाजूची गडबड यांतलं एका वेळी एकच वाढवा.

सगळ्यात अवघड 'ये'. माझ्या कुत्रीचं 'ये' मीच बिघडवलं होतं. खेळ संपवून पट्टा लावायचा असला की मी तिला बोलवायचो. काही दिवसांत ती हाक ऐकून दोन पावलं मागे सरकायला लागली. शेवटी तो शब्दच सोडला. 'इकडे' हा नवा शब्द घेतला आणि दहा मीटरची हलकी दोरी हार्नेसला, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्याला, बांधली. दोरी ओढायची नाही, फक्त ती पळून जाऊ नये एवढ्यासाठी. गवत हुंगताना तिचा एक कान माझ्याकडे वळला की तेवढ्यात हाक, आली की उकडलेल्या चिकनचा तुकडा, आणि लगेच 'जा, खेळ'. दहातल्या नऊ वेळा ती परत खेळायलाच जाते. पट्टा लागतो तो फक्त दहाव्या वेळी.